वैजनाथरावांच्या रानातली येळवस

ज्याला शेत नाही अशा माणसाला आमच्या कळंबात वर्षभर कोणी काही बोलत नाही. बोलतात ते एकाच दिवशी, आणि तेही फार गोड. तो दिवस येळवशीचा. मार्गशीर्षातली अमावस्या उजाडली की अख्खं गाव आंबिलाची बिंदगी, म्हणजे मडकी, आणि शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेल्या भज्जीची पातेली घेऊन रानाकडं निघतं. शटरं खाली, रस्ते ओस. चौकातली कुत्रीसुद्धा भज्जीच्या वासामागं शिवारात गेलेली असतात. आणि निघता निघता प्रत्येक शेतवाला आपल्या बिनशेतवाल्या ओळखीच्या माणसाला हाळी देतो, "या की मग आमच्या रानात! लाजू नका!" त्या शेवटच्या दोन शब्दांत कुणाचं रान आणि कुणाचं पोट, याचा सगळा हिशेब येऊन जातो.

वैजनाथराव हे 'लाजू नका' चाळीसेक वर्षं ऐकत आले. त्यातलं निदान निम्मं माझ्या तोंडून. कारण तेर गावाला माझं नऊ एकर रान आहे. विषय कोणताही असो, तिसऱ्या वाक्याच्या आत मी हे सांगून मोकळा होतो, तेव्हा इथंही सांगून टाकलं.

वैजनाथरावांच्या वडिलांचंही चार एकर होतं. ते साठवण तलावात गेलं. तलाव सगळ्या इलाख्याच्या भल्यासाठी होता, आणि इलाख्याचं भलं कुणाच्या तरी एकाच्याच बांधावरून जायचं असतं. पोरगा शिकला, एसटीच्या डेपोत मेकॅनिक लागला आणि उभी नोकरी बसच्या पोटाखाली उताणा पडून काढली. निवृत्त झाल्यावर ते ढोकी रस्त्यावरच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरापुढं खुर्ची टाकून बसायचे आणि जाणाऱ्या प्रत्येक बसचा आवाज ऐकून, "हिचा पाटा गेलाय," असं महानंदावहिनींना सांगायचे. वहिनींना पाटा एकच माहीत होता, वाटणाचा. चार महिन्यांत त्या इतक्या कावल्या, की त्यांनी पुण्यातल्या लेकीला फोन करून सांगितलं, "तुझ्या बापाला कशात तरी गुतव, न्हायतर मला पुण्याला न्हे."

लेक वर्षाराणी कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिनं एक मोठा टीव्ही धाडला, दोन्ही हातांत धरायचा एक बटणांचा ठोकळा धाडला आणि क्लाउड गेमिंग म्हणतात ते सुरू करून दिलं. हा प्रकार मला समजला तो असा. खेळ आपल्या घरात नसतोच. तो दूर देशी कुठल्याशा कंपनीच्या यंत्रात चालतो आणि त्याचं नुसतं चित्र नेटवरून आपल्या टीव्हीवर येतं. आपण बटण दाबलं की तिकडचं यंत्र हलतं. दरमहा भाडं भरायचं आणि शेकडो खेळांतला हवा तो खेळायचा. यातला एकही खेळ आपला नसतो, पण हे कंपनी इतक्या बारीक अक्षरात सांगते की ते वाचायला वेगळा चष्मा करावा लागेल.

पहिल्या खेळात वैजनाथरावांना बंदूक मिळाली. त्यांनी दोन माणसं मारली आणि जेवण गेलं नाही म्हणून तो सोडला. दुसऱ्यात गाडी पळवायची होती. गाडी भिंतीवर आपटून पालथी झाली, सरळ झाली आणि पुन्हा धावायला लागली. आपल्या उभ्या हयातीचा यापेक्षा मोठा अपमान त्यांना आठवेना. तिसऱ्या खेळात रान निघालं.

रान गोऱ्या लोकांचं. घर लाल, मेंढ्या पांढऱ्या, ट्रॅक्टर आमच्या ढोकीच्या कारखान्यावर सगळे मिळून असतील त्याहून मोठा. सोबत काही डुकरं होती. पहिल्याच दिवशी वहिनी दारातून ओरडल्या, "ती आधी विकून टाका. आपल्या रानात असलं काही चालायचं न्हाय." त्या घरात 'रान' या शब्दाच्या आधी 'आपलं' हा शब्द लागला तो त्या दिवशी. वैजनाथरावांनी डुकरं विकली आणि अंगणातली खुर्ची उचलून कायमची टीव्हीपुढं नेली.

त्या खेळाचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. आम्ही सगळे त्याला रानच म्हणायचो. पहाटे उठून अंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून हा माणूस रानात जायचा. ज्वारीच्या जवळपासचं एक पीक त्यांनी शोधून काढलं. विहिरीच्या कडेला झाडं लावली. मी अधूनमधून जायचो आणि शेतकरी म्हणून चार शब्द सुनवायचो.

"वैजनाथराव, तुमच्या रानात चिखल न्हाय, डास न्हाय, लाईट जात न्हाय. याला काय शेती म्हणत्यात व्हय?"

"भाऊ," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणायचे, "तुमच्या रानातल्या चिखलात तुमचा श्रीनाथ उतरतो. तुमी बांधावर खुर्ची टाकून बसता. म्याबी खुर्चीतच बसलोय."

श्रीनाथ माझा मुलगा. तो उतरतो हे खरं आहे. पण सगळंच खरं तोंडावर बोलायचं नसतं, एवढी रीत डेपोत शिकवत नसावेत.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग दिवाळीनंतर एके सकाळी रान उघडताना पडद्यावर एक चौकोन आला. वैजनाथरावांनी मला बोलावून घेतलं, कारण इंग्रजी वाचणारा आणि रिकामा असा आळीत मी एकच. चौकोनात लिहिलं होतं, की या खेळाच्या प्रकाशकाबरोबरचा आमचा परवान्याचा करार संपत आहे, सबब तीस डिसेंबरला हा खेळ आमच्या सेवेतून काढून घेण्यात येईल. शेवटी, आमच्यासोबत राहिल्याबद्दल धन्यवाद, असंही होतं. घर पाडायला आलेल्या माणसानं आधी नमस्कार करावा, तशी ही कंपन्यांची सभ्यता.

वर्षाराणीला फोन लावला. आम्हा तिघांना ऐकू यावं म्हणून वहिनींनी तो टीव्हीवर टेकवून ठेवला.

"आमची काय चूक झाली का गं?" वैजनाथरावांचा पहिला सवाल.

"तुमची कशाची चूक, बाबा? खेळ बनवणारी कंपनी येगळी आणि आपल्याला दाखवणारी येगळी. बनवणारीला आता दाखवणारीकडं खेळ ठेवायचा न्हाय. आणखीबी लई कंपन्यांनी आपापले खेळ असेच काढून घेतलेत."

"मग मामला त्या दोघींचा हाय. रान माझं कशापायी जातंय?"

वर्षाराणी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ते आपलं नव्हतंच. आपण नुसतं भाडं भरून बघत होतो."

तिनं मार्गही सुचवले. खेळ विकत मिळतो, पण त्याला मोठा कॉम्प्युटर लागतो. तो मी घेऊन देते, पण त्यात नवं रान निघेल. हे रान कंपनीच्या यंत्रात आहे आणि तिकडून इकडं आणायची सोय त्यांनी ठेवलेली नाही. ते नको असेल तर तिथंच दुसरे शेकडो खेळ आहेत, त्यातला एखादा बघा.

"गावं काय कमी हाईत व्हय आपल्या जिल्ह्यात?" वैजनाथराव म्हणाले. "म्हणून माणूस आपलं गाव सोडतंय का?"

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडं कोरा कागद घेऊन आले. जमिनीची नोटीस आली की मुदतीत हरकत नोंदवायची, एवढं आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. वडिलांच्या वेळी हरकत घ्यायची राहून गेली होती म्हणे. यावेळी राहू द्यायची नाही. मी लिहून दिली, तीही पक्क्या कचेरीच्या भाषेत. सदर रान अर्जदार स्वतः कसत असून त्याचा कब्जा शांततेत व अखंड चालू आहे, सबब त्यास ऐकून घेतल्याशिवाय पुढील कार्यवाही करू नये. वर्षाराणीनं त्याचं इंग्रजी करून कंपनीला पाठवलं. तिनं ते हसत केलं की रडत, ते फोनवर कळायला मार्ग नव्हता.

उत्तर पाण्याचा घोट घ्यायच्या आत आलं. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, खेळ तीस तारखेला जाईल, या संभाषणाला किती तारे द्याल? आमच्याकडं हरकतीवर 'नाही' असं उत्तर यायला एक पिढी खर्ची पडते. कंपनीनं ते काम चुटकीसरशी केलं, याला प्रगती म्हणतात. वैजनाथरावांनी दोन तारे दिले. उत्तर तरी दिलं म्हणून एक आणि लवकर दिलं म्हणून एक.

पुढचे काही दिवस मी तिकडं फिरकलो नाही. दुसऱ्याच्या दुःखात आपण काय बोलणार, हे कारण मला नेहमी सोयीचं पडतं. मग एके दिवशी तेच आले. हातात भिंतीवरचं कॅलेंडर, खिळ्यासकट.

"भाऊ, ही तीस तारीख बघा. त्याच दिशी अमुशा हाय. रान जायाच्या आधी येळवस येतीय." त्यांनी कॅलेंडर माझ्यापुढं धरलं. "यंदाची येळवस माझ्या रानात. तुमी सगळे माझे पाव्हणे."

मला हसू आलं. मी ते मिशीत दाबलं, पण माझी मिशी विरळ आहे.

या निमंत्रणातली मेख आमच्या भागातल्या माणसाला सांगावी लागत नाही. येळवशीच्या दिवशी शेतवाला आपलं रान सोडून दुसऱ्याच्या रानात पंगतीला जाऊन बसत नाही. पाच दगडांचे पांडव मांडायचे, कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, आंबील शिंपडायची, आल्यागेल्याला वाढायचं. धन्याविना रान त्या दिवशी सुनं ठेवायचं नसतं. म्हणजे ज्यांच्या ज्यांच्या रानात वैजनाथराव इतकी वर्षं जेवले, त्यातला एकही जण त्यांच्याकडं येऊ शकत नव्हता. तरी ते घरोघर फिरले. गोरोबा, ज्याच्याकडं दोन विहिरी आणि तीन ट्रॅक्टर, तो म्हणाला, "आलोच म्हणून समजा!" बाकीचेही तसंच म्हणाले. आमच्याकडं नाही म्हणायची पद्धत अशीच आहे. वैजनाथरावांना ती माहीत नव्हती असं नाही. पण घरी जाऊन त्यांनी वहिनींना सांगितलं, "सगळे येतो म्हणालेत," आणि वहिनींनी शेजारणीकडून मोठं पातेलं आणलं.

ते पातेलं मी पाहिलं आणि मला खरंच वाईट वाटलं. जन्मभर दुसऱ्याच्या पंगतीत बसलेल्या माणसानं एकदा आपली पंगत मांडावी आणि तिला कुणी येऊ नये, याहून वाईट काय व्हायचं? कंपनीनं रान घेतलंच होतं. हे दुसरं काम आम्ही गाववाले करणार होतो.

येळवशीच्या दिवशी सकाळीच मी तेरला पूजा उरकली. पाहुणे श्रीनाथच्या अंगावर टाकले आणि मोटारसायकलवर कळंबला निघालो. बायको म्हणाली, "आजच्या दिशी रान सोडून कुठं चाललात?" मी म्हणालो, वैजनाथरावांचं मन मोडवत नाही. त्यात थोडं खरं होतं. टीव्हीपुढं आंबील शिंपडणारा माणूस पाहायला मिळेल, हेही तितकंच खरं होतं.

गाव ओस होतं. पण वैजनाथरावांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता.

आत हरणाबाई बसली होती. शेरडं राखून आळीत दूध घालणारी. डेपोपुढचा चहावाला धोंडीबा होता, बायको आणि सुनेसकट. उमरग्याकडून मुलाच्या नोकरीपायी इथं आलेल्या पार्वतम्मा होत्या, ज्यांचं मराठी ऐकायला गोड आणि कळायला अवघड. इस्त्रीवाला होता. शाळेपुढं बोरं विकणारी म्हातारी होती. हे सगळे मला रोज दिसतात. येळवशीच्या दिवशी ते कुठं जात असतील, हा प्रश्न मला पडला नव्हता. ते कुठंच जात नव्हते. ओस गावात आपापल्या घरी बसत होते. 'लाजू नका' म्हणायलासुद्धा त्यांची कुणाला आठवण होत नव्हती. वैजनाथरावांना झाली होती.

"या भाऊ," ते उठून म्हणाले. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. "माझ्या रानात या. लाजू नका."

हे त्यांनी कुचकेपणानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण ते मनापासून म्हणत होते.

टीव्हीपुढं कडब्याच्या चार पेंढ्यांची हातभर कोप उभी केली होती. पडद्यावर झाडाखाली पाच दगड ओळीनं मांडलेले. त्या दगडांना वहिनींनी इकडून हळदकुंकू वाहिलं, काचेवरच. भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, खीर असा नैवेद्य टीव्हीच्या टेबलावर ठेवला. मग वैजनाथराव म्हणाले, "चला, रानाला आंबील शिंपायची."

आता हे कसं करणार? पण त्यांनी ते ठरवून ठेवलं होतं. हातात ठोकळा धरून ते पडद्यावरच्या आपल्या माणसाला बांधावरून चालवू लागले, आणि त्याच चालीनं स्वतः खोलीत पलंगाभोवती चालू लागले. मागं आंबिलाचं बिंदगं घेऊन हरणाबाई. तिच्या मागं द्रोणानं शिंपडणाऱ्या वहिनी, मग धोंडीबा, मग बाकीची रांग, शेवटी मी. पडद्यावरचा माणूस वळला की खोलीतली सगळी वरात वळायची. धोंडीबा जीव खाऊन येळवशीची आरोळी द्यायचा, सगळे साथ करायचे आणि शेजारच्या बंद घरावरून कावळे उडायचे. पार्वतम्मा कानडीत काहीतरी म्हणत आणि डोळे पुसत होत्या. पहिला बांध झाला. नदीकडचा दुसरा झाला. मी तोंड दाबून हसत होतो आणि चालतही होतो. तिसऱ्या बांधाचं टोक आलं, आणि पडदा काळा झाला.

मग त्यावर अक्षरं उमटली. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, म्हणून मी वाचून दाखवलं, "हा खेळ आता उपलब्ध नाही. तुम्हाला हेही आवडेल." खाली तीन चित्रं होती. एक बंदुकीचं, एक गाडीचं आणि एक केक भाजायचं.

तीस तारखेला म्हणजे तीस तारीख मावळेपर्यंत, असं आम्ही धरलं होतं. आमचा दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. कंपनीचा दिवस तिच्या देशात मध्यरात्री सुरू होतो, आणि तिकडं तीस तारीख लागली तेव्हा आमच्याकडं जेवणवेळ झाली होती. हे वर्षाराणीनं नंतर समजावून सांगितलं. त्या वेळी कुणाला काही समजलं नाही. वैजनाथराव बटणं दाबत राहिले, सगळी, एकेक करून.

"अय्यो," पार्वतम्मा म्हणाल्या, "रान कुठं गेलं ओ?"

वैजनाथरावांचं तोंड मला पाहवेना. अशा वेळी नऊ एकरांच्या धन्याला जे सुचतं तेच मला सुचलं. मी पुढं झालो आणि मोठ्या आवाजात म्हणालो, "त्यात काय एवढं? चला सगळे माझ्या रानात. जीप सांगतो. तेर काय लांब हाय का? पातेलं घ्या उचलून. तिथं बसून निवांत जेवू."

आणि खरंच सांगतो, ते दोन शब्द माझ्या जिभेवर येऊन उभे होते.

वैजनाथरावांनी ठोकळा टेबलावर ठेवला. "न्हाय भाऊ," ते शांतपणे म्हणाले. "आज तुमी माझ्या रानात पाव्हणे हाईत. पाव्हण्यानं दुसऱ्या पाव्हण्यांना उठवून न्हेऊ न्हाय."

मी गप्प बसलो. अख्ख्या जिल्ह्यात मला गप्प बसवणारी माणसं मोजकीच आहेत, आणि त्यातल्या कुणी मला इतक्या अदबीनं गप्प बसवलेलं नाही.

हरणाबाई बिंदगं काखेत धरून तशीच उभी होती. जन्मभर दुसऱ्यांच्या बांधांनी शेरडं हाकणारी बाई, तिला पडद्याचं काही पडलेलं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "चवथा बांध राह्यलाय न्हवं का?"

वैजनाथरावांनी तिच्याकडं पाहिलं. मग काळ्या पडद्याकडं पाहिलं, आणि त्याच्याकडं पाठ केली.

"व्हय," ते म्हणाले. "या माझ्या मागनं."

ते चालायला लागले. आता पुढं काहीच दिसत नव्हतं. फरशी, पलंगाचा पाया, कोपऱ्यातली पाण्याची घागर. ते जमिनीकडं बघत दमानं चालत होते आणि मागं न वळता सांगत होते, "हितं पाट हाय, पाय लांब टाका." हरणाबाईनं पाय लांब टाकला. वहिनींनी लुगडं जरा वर धरून पाट ओलांडला. "हितं मेंढ्या बसत्यात, बाजूनं या." सगळी रांग बाजूनं गेली. धोंडीबाची आरोळी आता बारीक झाली होती, पण बंद पडली नव्हती.

"हितं झाडाची फांदी खाली आलीय," वैजनाथराव म्हणाले. "वाकून या."

ते वाकले आणि पुढं गेले. हरणाबाई बिंदगं सांभाळत वाकली. वहिनी वाकल्या, धोंडीबा वाकला, त्याची सून डोक्यावरचा पदर धरून वाकली. पार्वतम्मा गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि पलीकडं जाऊन सरळ झाल्या. मग माझी पाळी आली. वर काही नव्हतं, फक्त बंद पंखा, तोही हातभर उंच. मला हसू आलं नाही.

मी वाकलो.